पुरीतले पीठ बदलताना

मराठी घरात पोळी रोजची, भाकरी रोजची. पुरी मात्र प्रसंगाची. गुढीपाडव्याला ती श्रीखंडाबरोबर येते, वैशाखात आमरसाबरोबर, पूजेच्या जेवणात बटाट्याच्या पिवळ्या भाजीबरोबर. तिखटमिठाची झाली की प्रवासाच्या डब्यात लोणच्याच्या फोडीशेजारी दोन दिवस टिकते. देशावर ‘आषाढ तळायचा’ म्हणून भोपळ्याचे घारगे आणि कापण्या होतात, तळकोकणात पाहुणा आला की कोंबडी-वडे. मधुमेहाचे निदान झालेल्या माणसाला डॉक्टरांनी भात कमी करायला सांगितला तर तो निमूट करतो. पण सणाच्या पंगतीत पुऱ्यांची चाळण समोरून फिरत असताना पानावर हात आडवा धरणे त्याला जड जाते, आणि वाढणारीलाही. त्या एका नकाराने घराचा सण थोडा उणा होतो. कमी कर्बोदकांच्या पुऱ्या-वड्यांचे हे पुस्तक त्या नकाराला पर्याय शोधते, म्हणून मला ते मोलाचे वाटते.

विषय नेमका काय, हे आधी सांगितलेले बरे. इथे पुऱ्या मोजून खाण्याची गोष्ट नाही, किंवा पुरीऐवजी फुलका खाण्याचीही नाही. पीठ असे बदलायचे की त्यातला पिष्टाचा वाटा निम्म्याहून खाली यावा; तरी ते लाटता किंवा थापता यावे, तेलात सोडल्यावर विरघळू नये, आणि फुगावे. शेवटची अट सर्वांत अवघड आहे. चवीत थोडे इकडेतिकडे झालेले माणसे चालवून घेतात. न फुगलेल्या पुरीला मात्र कोणी पुरी म्हणत नाही.

पुरी फुगते ती पाण्याच्या वाफेने. घट्ट भिजवलेल्या कणकेत शंभर ग्रॅम पिठाला साधारण पन्नास ग्रॅम पाणी असते. १८० ते १९० अंश सेल्सियसच्या तेलात लाटी पडली की दोन्ही बाजूंचे पृष्ठभाग काही क्षणांत आवळून सुकतात आणि आतल्या पाण्याची वाफ होऊ लागते. पाण्याची वाफ झाली की तिचे आकारमान हजार-दीड हजार पटींहून अधिक वाढते. तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर ती पुरीचे दोन पापुद्रे एकमेकांपासून अलग करते. वाट न मिळू देण्याचे काम गव्हातले ग्लुटेन करते. कणीक तिंबताना या प्रथिनाचे जाळे तयार होते. ते ताणले जाते, पण फाटत नाही. पुरी तेलात वर आल्यावर झाऱ्याने तिच्यावर तेल उडवतात किंवा तिला हलकेच दाबतात, त्यामागेही हेच कारण आहे: वरची बाजू लवकर आवळावी आणि वाफ कडेपर्यंत सारखी पसरावी.

आता गहू काढून टाकला तर जाळे जाते. बदामाच्या पिठात जाळे नाही, सोयाबीनच्या पिठात नाही, जवसात नाही, तिळात नाही. त्या पिठांना पाणी लावले की गोळा होतो, पण लाटताना कडा चिरतात आणि तेलात प्रत्येक चिरेतून वाफ निसटते. कमी कर्बोदकांच्या पुरीचा सगळा इतिहास म्हणजे या जाळ्याला पर्याय शोधण्याचा इतिहास आहे, असे म्हणायला हरकत नाही.

पण त्याआधी आकड्यांकडे पाहायला हवे, कारण या क्षेत्रात गैरसमज फार आहेत आणि ते सद्भावनेतून पसरतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या घटकांची कोष्टके प्रसिद्ध केली. त्यांत तंतू वजा करून उरलेली कर्बोदके दिली आहेत. त्यांनुसार १०० ग्रॅम गव्हाच्या कणकेत सुमारे ६४ ग्रॅम कर्बोदके असतात. ज्वारीत सुमारे ६८, नाचणीत ६७, बाजरीत ६२, राजगिऱ्यात ६० च्या आसपास, तांदळात ७८. म्हणजे ‘मी पुरी सोडली, आता नाचणीची पुरी खातो’ किंवा ‘उपासाची राजगिऱ्याची पुरी शुगरला चालते’ हे समाधान हिशेबात टिकत नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी ही उत्तम धान्ये आहेत, त्यांतले तंतू आणि खनिजे यांची आपल्याला गरज आहे, पण ती धान्ये आहेत. धान्य म्हटले की पिष्ट आलेच.

डाळी एक पायरी खाली येतात: हरभरा डाळ ४७, उडीद डाळ ५१. खरी उडी तेलबियांत आणि सुक्या मेव्यात आहे. शेंगदाण्यात सुमारे १७, सोयाबीनमध्ये १३, जवसात आणि तिळात ११ च्या आसपास, बदामात जेमतेम ३. अमेरिकेतल्या पाकिटांवर तंतूंसह एकूण कर्बोदके छापलेली असतात, त्यामुळे तिथले आकडे याहून मोठे दिसतात. दोन्ही मापे एकमेकांत मिसळली की हिशेब चुकतो, आणि अनेक पाककृतींत तो चुकलेला असतो.

हेच पुरीच्या मापाने पाहू. वीस ग्रॅमच्या लाटीत साधारण तेरा ग्रॅम कणीक असते, म्हणजे आठ ग्रॅमच्या वर कर्बोदके. सहा पुऱ्यांत पन्नास ग्रॅम झाली, आणि सणाच्या जेवणात सहा पुऱ्या कोणी मोजत नाही. पुष्कळ घरांत दहा किलो गव्हात किलोभर सोयाबीन घालून दळतात आणि त्याला मधुमेहाचे पीठ म्हणतात. त्याने प्रथिने वाढतात हे खरे, पण कर्बोदके ६४ वरून ५९ च्या आसपास येतात, एवढेच. उलट निम्मे सोयाबीन, तीस टक्के उडीद, पंधरा टक्के तीळ व जवस आणि पाच टक्के इसबगोल असे मिश्रण केले तर शंभर ग्रॅम पिठात सुमारे २३ ते २४ ग्रॅम कर्बोदके राहतात. त्या पिठाला पाणीही जास्त लागते, त्यामुळे वीस ग्रॅमच्या एका वड्यात ती तीन ग्रॅमच्या आत बसतात. गव्हाच्या एका पुरीत जितके पिष्ट, तितक्यात असे जवळजवळ तीन वडे होतात. पुस्तकाचा कणा हा हिशेब आहे.

इतिहासात या विषयाच्या दोन धारा दिसतात, आणि त्या बराच काळ एकमेकींना भेटल्याच नाहीत.

पहिली धारा औषधोपचाराची. १७९७ मध्ये जॉन रोलो या स्कॉटिश लष्करी शल्यवैद्याने मधुमेहाच्या रुग्णांना मांस आणि चरबी यांवर ठेवल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. औषध म्हणून कर्बोदके तोडण्याची ही पहिली ठळक नोंद. पण भाकरीवर वाढलेला माणूस नुसत्या मांसावर किती दिवस राहणार? पॅरिसमध्ये आपोलिनेर बूशार्दा यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हा प्रश्न नेमका हेरला. त्यांनी मधुमेह्यांसाठी ग्लुटेनचा पाव पुढे आणला. गव्हाची कणीक पाण्यात धुतली की पिष्ट वाहून जाते आणि हातात रबरासारखा चिवट गोळा उरतो. पाव त्या गोळ्याचा. पुढे १८७० च्या वेढ्यात पॅरिसमध्ये अन्नटंचाई झाली तेव्हा काही रुग्णांच्या लघवीतली साखर नाहीशी झाल्याचेही त्यांच्या नजरेस आले. लंडनच्या विल्यम बँटिंग यांनी १८६३ मध्ये स्वतःचा लठ्ठपणा पाव, साखर, बटाटा सोडून कसा उतरला हे सांगणारी पुस्तिका काढली, आणि ती प्रचंड खपली. १९२१ मध्ये टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागला आणि कठोर पथ्याची सक्ती सैल झाली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधील रसेल वाइल्डर यांनी अपस्मारासाठी कीटोजेनिक आहार सुचवला. १९७२ मध्ये रॉबर्ट ॲटकिन्स यांच्या पुस्तकाने हा विचार वजन कमी करणाऱ्या सामान्य माणसापर्यंत नेला. आज ‘कीटो’ म्हणून जे चालते त्याची वंशावळ अशी.

बूशार्दांपाशी मी जरा थांबते, कारण त्यांची कृती मराठी बायकांना परकी नाही. उन्हाळ्यात कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, गाळून त्याचा चीक काढतात. चीक म्हणजे पिष्ट. चाळणीवर राहतो तो चोथा, त्यात कोंडा आणि ग्लुटेन. चिकाच्या कुरडया होतात आणि चोथ्याच्या फार तर भुसवड्या. पॅरिसच्या वैद्याला जे रुग्णासाठी हवे होते ते आपल्या अंगणात दरवर्षी वेगळे निघत होते. आपण नेमका दुसरा भाग जपून वाळवला. हे ज्ञान घरात होते. त्याकडे या नजरेने पाहण्याची गरज कोणाला पडली नव्हती.

दुसरी धारा स्वयंपाकघरातली, आणि ती खूप जुनी. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यातल्या अन्नभोगाच्या प्रकरणात हरभऱ्याच्या पिठात हिंग, मिरी, वेलदोडा घालून तेलात तळलेली पूरिका येते आणि उडदाच्या पिठाची घारिकाही येते. म्हणजे गव्हाशिवाय, डाळीच्या पिठाचे तळण दख्खनच्या राजाच्या पानात प्रतिष्ठेने वाढले जात होते. छापील मराठी पाकशास्त्राची सुरुवात रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या १८७५ मधल्या ‘सूपशास्त्रा’पासून होते; १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र’ आले, १९७० मध्ये कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’. या पुस्तकांनी महाराष्ट्राच्या स्वयंपाकाला मापे दिली. पुरीतले पिष्ट हा त्यांच्यापुढचा प्रश्न नव्हता, आणि असायचे कारणही नव्हते.

या दुसऱ्या धारेतला सगळ्यांत शहाणा पदार्थ मला मालवणी वडा वाटतो. जाडे तांदूळ, उडीद डाळ, हरभरा डाळ, मेथी, धणे, बडीशेप असे रवाळ दळून आणायचे. घरोघर प्रमाण निराळे, कोणी थोडे गहू किंवा ज्वारीही घालते. ते गरम पाण्यात भिजवून काही तास झाकून ठेवायचे, मग केळीच्या पानावर किंवा ओल्या कापडावर थापून तळायचे. यात ग्लुटेन असलेच तर नावापुरते. तरीही वडा टम्म फुगतो. का फुगतो? उडदात एक बुळबुळीत चिकटपणा असतो, मेथीच्या दाण्यात डिंकासारखा पदार्थ असतो, आणि गरम पाण्याने तांदळाचे काही पिष्ट अर्धवट शिजून त्याची उकड होते. तिन्ही मिळून ग्लुटेनच्या जाळ्याचे काम करतात. तांदळामुळे हा वडा मधुमेह्याला चालणारा नाही, हे उघड आहे. पण त्याची युक्ती घेता येते. तांदूळ काढून त्या जागी भाजलेल्या सोयाबीनचे पीठ घालावे, उडीद आणि मेथी तशीच ठेवावी, आणि उकडीचे काम इसबगोलावर सोपवावे. लेखिकेची मूळ कल्पना हीच आहे, आणि ती ठामपणे मांडल्याबद्दल मी तिची ऋणी आहे. कमी कर्बोदकांची पुरी अमेरिकेतल्या बदामी पावाकडून शिकण्याआधी कोकणातल्या वड्याकडून शिकायला हवी.

आज या क्षेत्रात निरनिराळे पंथ आहेत. नवख्या वाचकाने ते ओळखून ठेवावेत, म्हणजे एकाची युक्ती दुसऱ्याच्या पिठाला लावून फसगत होणार नाही.

सर्वांत गाजलेला पंथ बदामाचे पीठ आणि इसबगोल यांचा. कर्बोदके अत्यंत कमी, चव सौम्य, रंग पुरीसारखा. पण बदामात निम्म्याहून अधिक वजन तेलाचे. ते पीठ पाण्याशी नीट जमत नाही, लाटी प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये ठेवूनच लाटावी लागते, तळताना रंग झपाट्याने चढतो आणि पुरी कढईतले तेलही पिते. उष्मांकांच्या दृष्टीने ती गव्हाच्या पुरीपेक्षा जड आहे, हे या पंथाचे लोक मोठ्याने सांगत नाहीत. शिवाय बदामाचा किलोचा भाव सोयाबीनच्या कित्येक पट. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबाला बदामाचे पीठ कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. लातूरच्या कुटुंबाच्या दाराशी सोयाबीनची बाजारपेठ आहे. पाककृती दोघांना एकच देणे मला पटत नाही.

खोबऱ्याच्या पिठाचा एक छोटा पंथ आहे. ते पीठ पाणी इतके शोषते की बदामाच्या मापाने घातले तर लाटीचा चुरा होतो. बांधायला अंडे लागते, आणि अंडे आले की पुरीचा धिरड्याकडे कल जातो. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे नाही.

ग्लुटेनचा पंथ बूशार्दांचा थेट वारस आहे. गव्हातून वेगळी काढलेली ग्लुटेनची भुकटी सोयाबीन, जवस किंवा कोंड्यात मिसळायची. फुगण्याच्या परीक्षेत ही पुरी सगळ्यांना मागे टाकते, कारण जाळे खरेच तिच्यात असते. भुकटी जास्त झाली की पुरी वातड होते आणि गार झाल्यावर चावताना तुटत नाही. ज्यांना ग्लुटेन वर्ज्य आहे त्यांना ती अर्थातच वर्ज्य. लेखिकेने या पंथाला फार थोडी जागा दिली आहे. ही भुकटी वाण्याकडे मिळत नाही, हे तिचे कारण. माझे मत वेगळे आहे: पाडव्याला श्रीखंडाशेजारी बसण्याजोगी, दिसायला अगदी पुरीच, अशी पुरी आज फक्त याच वाटेने होते, आणि मोठ्या शहरांत भुकटी मिळवणे आता अशक्य राहिलेले नाही. पुढच्या आवृत्तीत तिने या भागाला हात घालावा अशी माझी विनंती आहे.

डाळी-तेलबियांचा पंथ या पुस्तकाचा. तो मधल्या वाटेचा आहे. कर्बोदके शून्याजवळ नेण्याचा हट्ट धरत नाही, तिसऱ्या हिश्श्यावर आणतो, आणि घरातल्या गिरणीच्या दळणात बसतो. विदर्भात जवसाची चटणी रोजच्या जेवणात असते, तीळ-शेंगदाणे सगळीकडे आहेत, सोयाबीन मराठवाड्यात आणि विदर्भात पिकते, इसबगोल शेजारच्या गुजरातेत. सोयाबीन कच्चे दळून मात्र वापरू नये. त्यातले काही घटक प्रथिनांच्या पचनाला अडथळा करतात आणि उष्णतेने निष्प्रभ होतात, आणि कच्चा उग्र वासही जातो. म्हणून ते आधी भिजवून, उकडून, वाळवून, खमंग भाजायचे. एवढी मेहनत वगळली तर वड्याला जी चव येते तिने माणूस या वाटेला पुन्हा फिरकत नाही.

एक पंथ तळणच सोडण्याचा आहे: एअर फ्रायरचा किंवा भट्टीचा. मला तो या विषयात धरवत नाही. तेल पिठाला एकाच क्षणी सगळ्या बाजूंनी उष्णता देते, म्हणून पृष्ठभाग आवळतो आणि वाफ कोंडली जाते. गरम हवा ते काम इतक्या झपाट्याने करत नाही. तिथून जे बाहेर येते ते खुसखुशीत असेल, रुचकरही असेल, पण पुरी नसेल.

या पिठाचा वडा तळताना काय दिसते ते सांगते, कारण गव्हाच्या पुरीच्या सवयीने पाहिले तर सगळे बिघडले असे वाटते. पीठ हाताला चिकटते. कणकेसारखे गुळगुळीत होण्याची वाट पाहू नये, ते होत नाही. झाकून दहा-पंधरा मिनिटे ठेवले की इसबगोल पाणी ओढून घेतो आणि गोळा आपोआप आवरतो. ओल्या हाताने थापायचे, जाडी पुरीहून जास्त, साधारण तीन मिलिमीटर. पातळ थापला तर फाटतो. तेल १७० अंशांच्या आसपास, कारण सोयाबीन लवकर तांबूस होते. वडा तळाशी जातो, मग सावकाश वर येतो. झाऱ्याने तेल उडवत राहिले की एका बाजूला टेंगूळ येते आणि ते हळूहळू दुसऱ्या कडेकडे सरकते. कड कुठे चिरली असेल तर तिथून बारीक बुडबुड्यांची रेघ निघताना दिसते; तिथे वाफ निसटते आहे. बाहेर काढल्यावर तो गव्हाच्या पुरीपेक्षा लवकर बसतो. बसला तरी आतून दोन पदर सुटलेले असतात, आणि रस्सा धरायला तेवढे पुरते.

आत्ताच हे पुस्तक का, याचे उत्तर देशाच्या प्रकृतीत आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या ‘इंडियाब’ या राष्ट्रव्यापी पाहणीने २०२३ मध्ये अंदाज दिला: देशात १० कोटींहून अधिक मधुमेही, आणि त्याच्या उंबरठ्यावर आणखी १३ कोटी ६० लाख. याच पाहणीच्या आहारविषयक निष्कर्षांत, २०२५ मध्ये, भारतीय माणूस आपल्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून मिळवतो असे पुढे आले. तांदळाऐवजी गहू किंवा भरड धान्य घेतल्याने, एकूण कर्बोदके तेवढीच राहिली तर, धोका कमी होत नाही, हा त्यातला मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. धान्याच्या जागी धान्य आणून भागणार नाही. ताटातला काही भाग डाळी, तेलबिया, दही, भाज्या यांनी घ्यायला हवा.

महाराष्ट्रात आहाराची चर्चा २०१८ च्या सुमारास घराघरांत शिरली. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या मांडणीवरून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी पुढे नेलेली दोनच वेळा जेवण्याची पद्धत एका बाजूला, आणि घरचे, हंगामाचे, आजीच्या काळचे खा असा ऋजुता दिवेकरांचा आग्रह दुसऱ्या बाजूला. लग्नाच्या पंगतीतही माणसे इन्सुलिनविषयी बोलू लागली. या चर्चेने लोक किती वेळा खावे याबद्दल जागे झाले. पिठाच्या डब्यात काय असावे, हा प्रश्न मात्र मागेच राहिला, आणि तो स्वयंपाक करणारीच सोडवू शकते.

आता काही सावधगिरीच्या गोष्टी. पुस्तकात त्या ठिकठिकाणी आहेत, पण त्या एकत्र सांगणे मला माझे काम वाटते.

पुरी एकटी कधीच खाल्ली जात नाही. पीठ बदलून पुरीतली पाच ग्रॅम कर्बोदके वाचवली आणि शेजारी वाटीभर श्रीखंड घेतले तर वाचवलेले सगळे त्या वाटीत परत आले. आमरसाचे तेच, बटाट्याच्या भाजीचेही बऱ्याच अंशी तेच. या वड्यांचे खरे सोबती कोंबडीचा रस्सा, काळ्या वाटाण्याची आमटी थोडी बेताने, भरले वांगे, पालेभाजीची पातळ भाजी, लसणाची चटणी, घट्ट दही. श्रीखंडाशिवाय पाडवा नको वाटत असेल तर चक्का घरी टांगावा आणि साखर आपल्या हातात ठेवावी.

दुसरे तेलाचे. तळणीचे तेल पुन्हापुन्हा तापवले की त्यात अपायकारक घटक साठत जातात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जुलै २०१८ पासून अशा ध्रुवीय संयुगांची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे. ती व्यावसायिकांसाठी आहे, घरी ते मोजता येत नाही. म्हणून कढई लहान घ्यावी, तेल बेताचे घ्यावे, आणि उरलेले तेल दुसऱ्या तळणीसाठी राखून ठेवू नये. तळणाचा पदार्थ कमी कर्बोदकांचा झाला म्हणून तो रोजचा होत नाही. प्रसंगाची पुरी प्रसंगालाच राहावी, हे लेखिकेचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे.

तिसरे औषधांचे, आणि यात तडजोड नाही. जे इन्सुलिन घेतात किंवा रक्तातली साखर उतरवणाऱ्या काही विशिष्ट गोळ्या घेतात, त्यांनी ताटातली कर्बोदके एकदम कमी केली तर साखर धोक्याच्या पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना जास्त प्रथिनांचे पीठ चालेलच असे नाही. इसबगोल पुरेशा पाण्याबरोबरच पोटात जावा, आणि औषधाच्या वेळेपासून थोडा दूर. हे सगळे आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवायचे. ग्लुकोमीटर घरात असेल तर जेवणानंतर दोन तासांनी मोजतो तसे तीन तासांनीही मोजावे, कारण तेलकट जेवणात पोट सावकाश रिकामे होते आणि साखर उशिरा चढते. दोन तासांचा सुखद आकडा पाहून फसलेली माणसे मी पाहिली आहेत.

पुस्तकाची रीत मला आवडली ती अशी की प्रत्येक पाककृती ग्रॅममध्ये आहे. वाटी-चमच्याची मापे कणकेला पुरतात, कारण कणीक आपल्या हाताला माहीत आहे. सोयाबीन आणि जवसाच्या पिठाची वाटी दळणागणिक वेगळी भरते. प्रत्येक कृतीत एका नगातली कर्बोदके दिली आहेत, आणि जिथे पदार्थ गव्हाच्या मूळ पदार्थाच्या जवळ पोचत नाही तिथे तसे स्वच्छ लिहिले आहे. घारग्यांच्या बाबतीत तर तिने सांगूनच टाकले आहे की लाल भोपळा आणि गूळ दोन्ही ठेवून कर्बोदके कमी होत नाहीत. गूळ काढला की तो घारगा उरत नाही, मग तिखट भोपळापुरी म्हणून त्याची निराळी ओळख करावी. असा प्रामाणिकपणा पाककृतींच्या पुस्तकात दुर्मीळ आहे. पुरणाच्या पदार्थांना तिने हात लावलेला नाही, तेही योग्यच केले.

नव्याने करू पाहणाऱ्याने सुरुवात बदामाच्या पुरीपासून करू नये, सोया-उडदाच्या वड्यांपासून करावी. सोयाबीन आदल्या आठवड्यात भाजून, दळून ठेवावे. उडीद आणि मेथी रवाळच दळून आणावी. मैद्यासारखे मऊ पीठ पाणी धरते पण वाफ धरत नाही. पहिला घाणा चार वड्यांचाच काढावा. पीठ सैल वाटले तर लगेच इसबगोल वाढवू नये, आणखी दहा मिनिटे झाकून ठेवावे. तरीही सैलच राहिले तर चमचाभर भाजलेले सोयापीठ घालावे आणि पुढच्या वेळी पाणी दहा ग्रॅमने कमी धरावे.